पत्रा बोलंना

सोनारीत त्या दिवशी संध्याकाळीच लाइट गेली ती आलीच नाही. सुरजनं नवी पिकअप देवळाला दाखवून आणली होती. गल्लीत गाडी उभी करून, मागचा फाळका पाडून तो आणि त्याचा चुलतभाऊ मल्लेश त्यावर पाय हलवत बसले होते. दोघांचा वाद चालला होता हौद्यात काय टाकायचं यावर. मल्लेश म्हणत होता, काळं कोटिंग मारून घेऊ, एकदाच काय ते. सुरज म्हणत होता, जाड रबराची मॅट, गोठ्यात टाकतात तसली. त्याला कारणही होतं. "मागं काय खडखड वाजत न्हाय. पुढं निवांत गाणी ऐकायची."

समोरच्या ओट्यावर महारुद्र नाना तंबाखू मळत ऐकत होते. नानांचा जन्म मेंढ्या-बोकडांच्या दलालीत गेलेला. जिल्ह्यातला असा बाजार नाही जिथं नानांना कुणी ओळखत नाही. तंबाखू गालात धरून ते म्हणाले, "वाजत न्हाय ते चांगलं का वाईट, हे ठरवायच्या आधी वैजनाथचं ऐका."

"कोण वैजनाथ, नाना?"

"येडशीकडचा. धुळाप्पाचा पोरगा. खोटं वाटलं तर जाऊन त्यालाच इचारा. पर दिवसा जा."

पोरं हसली. नाना हसले नाहीत. पोरांनी मोबाइलची बॅटरी बंद केली आणि ओट्यापाशी सरकून बसली. मग नानांनी सांगायला सुरुवात केली ती अशी.

वैजनाथ धनगराचा. बाप धुळाप्पानं सगळी हयात मेंढरं पायी फिरवली. बालाघाटाचा एक डोंगर त्याच्या पायाखालून सुटला नसंल. पोराला मात्र चालायचा कंटाळा. त्यानं पिकअप घेतली आणि लोकांची शेरडं-मेंढरं बाजाराला पोचवायचा धंदा धरला. चांगला चालला. माणूस सरळ, वेळेला पोचणारा, बोलण्यात गोड.

त्याची वाडी जुन्या रस्त्यावर. हायवे मोठा झाला तेव्हा तो वरनं गेला आणि हा रस्ता बाजूला पडला. हायवे सोडून आत वळलं की आधी एसटीचा जुना निवारा लागतो, मग ओढा, मग वाडी. तोच रस्ता तसाच पुढं येडशी स्टेशनला जातो. पूर्वी याच रस्त्यानं एसटी स्टेशनला जायची. आता ती वरनं जाते. निवारा मात्र तसाच उभा. दगडी बाकडं आहे, वर पत्रे आहेत, आत कुणी नाही.

निवाऱ्यासमोर रस्ता पार उखडलेला. गाडी पहिल्या गेरवर आणल्याशिवाय इलाज नाही. एके रात्री वैजनाथ माल पोचवून रिकामी गाडी घेऊन येत होता. निवाऱ्यापाशी गाडी मंद झाली, आणि मागं पत्रा वाजला.

धप्.

अनवाणी माणूस चढल्यावर वाजतो तसा. वैजनाथला काही वाटलं नाही. खेड्यात चालत्या गाडीला लोक लोंबकळतात, त्यात नवल ते काय? पुढं ओढ्यात गाडी पुन्हा मंद केली, तशी मागं दोन पावलं वाजली आणि धप्. उतरला वाटतं. वैजनाथनं खिडकीतनं डोकं काढून हाक मारली, "कोण हाय रं?"

ओढ्यात चांदणं पडलं होतं. माणूस काय, कुत्रंसुद्धा नव्हतं.

असं पुन्हा झालं. आणखी पुन्हा. गाडी भरलेली असली की काही नाही. रिकामी असली आणि रात्र चढली असली, की निवाऱ्यापाशी धप्. दोन पावलं. बसल्याचा आवाज. ओढ्यात दोन पावलं. धप्. पावलं हलकी. बाईमाणसाची.

वैजनाथ घाबरला. बापाला सांगितलं.

धुळाप्पानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चढती तशी उतरती न्हवं?"

"व्हय."

"मग गप ऱ्हा. मागं बघू नको. थांबू नको. इचारू नको. कुणाला तरी घरला जायचं आसंल. रस्ता बदलला हे त्यांना कुणी सांगितलंय?"

"पर आबा, मला भ्या वाटतंय."

"पत्रा बोलतोय तवर भ्यायचं न्हाय," म्हातारा म्हणाला. "आली ते बी सांगतोय, गेली ते बी सांगतोय. आजून काय पायजे?"

म्हाताऱ्याला ते सोपं होतं. त्यानं रानात रात्री काढल्या होत्या. वैजनाथचं मात्र रात्रीचं मन थाऱ्यावर राहीना. हायवे सोडून आत वळला की त्याची मान ताठ व्हायची. निवारा यायच्या आधीच कान मागं लागायचे. मोठ्यानं गाणी लावून बघितली. गाण्यातनंही धप् ऐकू यायचं.

त्यात एकदा हिंमतराव पाटलाची गाभण मेंढी हौद्यात घसरली आणि पाय मोडून बसली. गुळगुळीत पत्रा, त्यावर मुताची ओल, खुरं टिकणार कशी? हिंमतरावानं चारचौघांत झापलं. "मेंढरं नेतो का उसाच्या मोळ्या नेतो रं? खाली कायतरी टाक, न्हायतर माझ्या दारात गाडी आणू नको." बरोबरच होतं त्याचं. चार गिऱ्हाइकं तसंच बोलायला लागली. आता हौद्यात काहीतरी टाकणं भाग होतं.

वैजनाथची बायको शिवगंगा, तिलाही ते हवंच होतं. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, तोंडावर आली होती. दरवर्षी येळवशीला वाडीतल्या बायका-पोरी आंबिलीची बिंदगी, भज्जीची पातेली घेऊन वैजनाथच्याच गाडीत बसून रानात जायच्या. ती म्हणाली, "पत्र्यावर बसून समद्यांच्या कंबरा धरत्यात. औंदा खाली मऊ टाका. म्या समद्यांना सांगून बसले."

धुळाप्पानं मात्र बजावलं, "कोटिंग मारून घे. काळं, खरबरीत आसतंय बघ, तसलं. खुरं बी धरतंय आन् पत्रा बी बोलतोय."

आता ती रात्र. गेल्या येळवशीची आदली, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. वैजनाथनं नळदुर्गला एका धाब्यावर बोकडं पोचवली आणि तिथंच हायवेला लागून माणिकप्पाचं दुकान आहे, तिथं गाडी लावली. माणिकप्पा गाड्यांचे हौदे सजवण्यात मुरलेला माणूस. त्यानं एकेक माल पुढं मांडला.

"हे बघा पाव्हणं, प्लास्टिकचा टब. दिसाया झ्याक. पर जनावराचं मूत खाली उतरलं की आतल्या आत पत्रा खातंय, आन् खुरं घसरत्यात ते वेगळंच. तुमच्या कामाचं न्हाय. हे कोटिंग. फवारून मारतो, पत्र्याला चिकटून बसतंय, गंज न्हाय, घसरणं न्हाय. फक्त जनावर बसलं की गुडघं सोलटत्यात. आन् ही रबराची मॅट. जड हाय, पर काढता येती, धुता येती. वर ह्या रेघा हायेत न्हवं, ह्यात खूर रुतून बसतंय."

वैजनाथनं कोटिंगवर हात फिरवला. बापाचा शब्द आठवला. गाडी कोटिंगच्या शेडकडं न्यायची म्हणून किल्लीसुद्धा काढली. तेवढ्यात माणिकप्पा मॅटवर पाय आपटून म्हणाला, "आन् आवाजाचं सांगायचं राहिलं. ही टाका. मागं हत्ती नाचला तरी पुढं कळणार न्हाय."

वैजनाथचा हात थांबला.

"कायच कळणार न्हाय?"

"कायच न्हाय."

त्यानं रबर बसवून घेतलं. बापाला काय सांगायचं ते वाटेत ठरवू म्हणाला. मॅट कापून, कोपरे धरून बसवीपर्यंत अंधार पडला. माणिकप्पानं चहा पाजला. निघाला तेव्हा वैजनाथ कित्येक दिवसांनी हलका झाला होता. तुळजापूर गेलं, धाराशिव गेलं, मागनं चकार आवाज नाही. नवी गाडी घेतल्यासारखं वाटत होतं.

हायवे सोडून तो आत वळला.

निवारा आला. गाडी मंद झाली. चाकाखाली दगड सरकले.

आवाज नाही.

वैजनाथला हसू आलं. एवढंसं रबर आधीच टाकलं असतं तर इतक्या रात्री भीतीत कशाला घालवल्या असत्या? ओढ्यात गाडी उतरली, चढली. तिथंही काही नाही. ओढा मागं पडला, वाडीचे दिवे दिसायला लागले. येळवशीची आदली रात्र म्हणजे घरोघरी चुली पेटलेल्या, बायका जाग्या, भज्जीचा वास रस्त्यापर्यंत आलेला.

आणि तिथं, दिवे दिसत असताना, त्याच्या मनात आलं...

ती चढली होती का?

कळलं नव्हतं.

आणि चढली असली... तर उतरली का?

नाना थांबले. गल्लीत अंधार गच्च होता. सुरज फाळक्याकडं पाठ करून बसला होता, तो सरकून नानांच्या अंगाला आला. नानांनी तंबाखू थुंकली आणि आवाज खाली आणला.

वैजनाथनं अंगणात गाडी लावली. इंजिन बंद केलं. पण खाली उतरेना. धुळाप्पा बाहेर आला. पोराचा चेहरा बघून जवळ आला, हौद्यात हात घातला. बोटांना रबर लागलं.

"चढली व्हती का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कळलं न्हाय, आबा."

"उतरली का?"

वैजनाथनं स्टेअरिंग आणखी घट्ट धरलं.

अंगणाच्या कडेला वाघर होती, मेंढरांची जाळी. आतली मेंढरं रात्री बसून रवंथ करतात. ती सगळी उभी होती. एकाचाही आवाज नाही. सगळ्यांची तोंडं गाडीकडं.

तेवढ्यात शिवगंगा गोधडी घेऊन घरातनं आली. हाताला पीठ, तोंडावर हसू. "टाकली का वो मऊ? म्या आत्ताच हांथरून ठिवते. सकाळी घाई व्हती." बोलत बोलत तिनं चाकावर पाय दिला.

"थांब!"

वैजनाथ इतका मोठ्यानं ओरडला की आतल्या बायका दारात आल्या. शिवगंगाचा पाय चाकावर तसाच. "आवं, काय झालं?"

"पोरी," धुळाप्पा म्हणाला, "आत जा. गोधडी बी आत ने."

सासऱ्याचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती गेली.

म्हातारा वैजनाथच्या खिडकीपाशी आला. हळू बोलला. "सकाळी ह्यात घरच्या लेकीबाळी बसणार हायेत."

"व्हय."

"मग जिथनं आणली, तिथं नेऊन सोड. फाळका पाड. बसून ऱ्हा. उतरल्याबिगर निघू नको."

"पर उतरलेली कळंल कशी, आबा? रबर..."

"गाडी तुझी हाय," म्हातारा म्हणाला. "तुला कळंल."

वैजनाथ परत निघाला. एकटा. ओढा ओलांडला. आरशात बघायचं नाही म्हणून त्यानं आतला आरसा वर फिरवून ठेवला. निवाऱ्यासमोर गाडी उभी केली. उतरला. डोळे खाली घालून मागं गेला. कड्या काढल्या. फाळका पाडला. हौद्याकडं न बघता परत येऊन बसला. इंजिन बंद केलं. दिवे बंद केले.

मागनं काही ऐकू येणार नाही हे त्याला माहीत होतं. पण ड्रायव्हरच्या पाठीला कळतं. मागचं एक बोकड उतरलं तरी चाकावरचे पाटे उचलतात, बूड किंचित वर येतं. तो त्याची वाट बघत बसला. गाडी वर येईल. तेवढंच. मग निघायचं.

अंधार. वारा नाही. लांब हायवेवर ट्रक जात होते.

मग गाडी हलली.

वर आली नाही.

खाली बसली.

चुकलं असेल. आपणच हललो असू...

पुन्हा. हळूच. मागचं चाक दबलं.

कुणीतरी चढलं होतं.

पुन्हा.

निवारा डाव्या हाताला, दोन पावलांवर. त्यानं तिकडं बघितलं नाही. मान वळेनाच. गाडी दबत होती. थांबत थांबत. कुणाची घाई नाही. एकाला एक हात देत चढावं, म्हातारं माणूस आधी घ्यावं, तशी. पाटे करकरले. भरलेल्या बाजाराच्या गाडीसारखे.

मग थांबलं.

सगळं शांत.

सगळे वाट बघत होते.

गाडी निघायची.

आता घरी न्यायची? घरी कशी न्यायची? वैजनाथला लहानपणची एसटी आठवली. इथनं भरायची. वाडीवरनं जायची. आणि जायची कुठं... स्टेशनला. त्यानं किल्ली फिरवली. फाळका लावायला तो उतरला नाही. त्याच्यानं उतरवलंच नसतं. पहिला गेर टाकला. गाडी जड उचलली.

ओढा. चढाला इंजिन घुमलं, रिकाम्या गाडीचं घुमत नाही तसं.

वाडी आली. रस्त्याच्या कडेला धुळाप्पा उभा होता, हातात बॅटरी. परत यायची वाट बघत असेल. गाडी थांबेना हे बघून त्यानं बॅटरी उचलली. उजेड केबिनवर आला, वैजनाथच्या तोंडावर आला, मागं सरकला. हौद्यावर पडला.

बॅटरी विझली.

बाहेरच्या आरशात वैजनाथला अंधारात बाप दिसला. त्यानं बॅटरी काखेत धरली होती. आणि हात जोडले होते.

येडशी स्टेशनच्या बाहेर एकच दिवा जळत होता. दिव्याखाली कुत्रं झोपलेलं. गाडी थांबली तसं ते उठलं, शेपूट घातली आणि भिंतीला घासत निघून गेलं. भुंकलं नाही. वैजनाथ डोळे मिटून बसला. तोंडानं देवाचं नाव घ्यायचं होतं; कुठल्या देवाचं ते आठवेना.

गाडी वर आली.

थोडी.

मग आणखी थोडी. एकेक करून पाटे मोकळे होत होते. वैजनाथच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. उतरा, बायांनो. उतरा, बाबांनो. आलं स्टेशन...

मग हलणं थांबलं. तो तसाच बसून राहिला. सगळे उतरले का? किती चढले ते त्यानं मोजलं नव्हतं. मग किती उतरले ते कळणार कसं?

फटफटायला लागल्यावर तो घरी आला. येताना स्टेशनजवळच्या एका बंद दुकानाच्या शटरखाली पडलेली ताडपत्री त्यानं उचलली, डोळे मिटल्यासारखे करून हौद्यावर ओढली आणि दोरीनं आवळून बांधली.

धुळाप्पा दारातच होता. "उतरले?"

"उतरले."

"समदे?"

वैजनाथ गाडीतनं खाली उतरला. मग त्यानंच विचारलं, "तुमी बघितलं न्हवं, आबा? किती व्हते?"

म्हातारा वळला आणि मेंढरांकडं गेला. त्यानं पुढं कधीही सांगितलं नाही.

येळवशीला वैजनाथनं गाडी काढली नाही. क्लच गेला म्हणाला. बायका हिंमतरावाच्या ट्रॅक्टरनं रानात गेल्या. शिवगंगा दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी त्यानं सगळं सांगितलं तेव्हा तिनं त्याचा हात धरला तो रात्रभर सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर वैजनाथ नळदुर्गला गेला. हायवेनं गेला, लोकांच्या गर्दीतनं गेला. माणिकप्पाला म्हणाला, "आप्पा, रबर काढून घ्या. कोटिंग मारा."

"का वो? दोन दिवस न्हाय झालं."

"आवाज यायला पायजे. मला आवाज पायजे."

माणिकप्पाला काही उमगलं नाही, पण गिऱ्हाइकाची मर्जी. त्यानं दोरी सोडली, ताडपत्री बाजूला केली आणि हौद्यात डोकावला. डोकावून तसाच उभा राहिला. मग वैजनाथकडं वळला. चेहरा उतरला होता, आणि थोडा रागही होता.

"पाव्हणं, चेष्टा करताव का? ही मॅट माझी न्हाय. म्या तुमाला नवी दिली व्हती. ही कुठली जुनी उचलून आणली?"

"तुमचीच हाय, आप्पा. म्या हातबी लावला न्हाय."

माणिकप्पानं पोरं बोलावून मॅट खाली उतरवली आणि दुकानासमोर उन्हात उलटी घातली. खालच्या बाजूला पांढऱ्या रंगानं घातलेली त्याच्या दुकानाची खूण होती. रंग ताजा. त्याच्याच हातचा. त्यानं मॅट पुन्हा सुलटी केली.

वरच्या रेघा गेल्या होत्या. सगळं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, कुण्या देवळाची पायरी शेकडो माणसांच्या पायांनी झिजावी तसं. फाळक्यापासनं आतपर्यंत. दोन्ही बाजूंना बसल्याजागी खोलगट. आणि अगदी पुढं, केबिनला लागून, ड्रायव्हरच्या पाठीमागं, रबर सगळ्यांत खोल गेलं होतं. तिथं कुणी बसलं नव्हतं. उभं होतं.

दोन पावलं.

बारकी. एकाला एक लागून.

बोटं केबिनकडं.